चेंबरमधली हवा

सर्व्हिसिंगला दिलेल्या बाइकचा एअर बॉक्स मेकॅनिक उघडतो. फिल्टरच्या कागदाची खालची कड काळी आणि चिकट झालेली, डब्याच्या तळाशी दोन-तीन चमचे तपकिरी तेल. ‘‘रिंगा गेल्या साहेब, हाफ इंजिन करावं लागेल,’’ असं तो सांगतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. कधी कधी ते निदान बरोबरही असतं. पण कितीतरी वेळा इंजिन ठणठणीत असतं आणि चूक फक्त एवढीच झालेली असते की, कुणीतरी साइड स्टँडवर गाडी ठेवून तेल तपासलं आणि कमी दिसलं म्हणून वर ओतलं. हजारो रुपयांचं काम आणि फुकटात होणारी दुरुस्ती यांतला फरक ओळखायचा असेल, तर इंजिनाच्या पोटात, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘चेंबर’मध्ये, हवेचं काय होतं ते आधी पाहायला हवं.

पिस्टनचा विचार करताना आपण नेहमी त्याच्या डोक्याकडे पाहतो. तिथे पेट्रोल जळतं, स्फोट होतो, ताकद निर्माण होते. पिस्टनच्या खालच्या बाजूकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पिस्टन खाली आला की वर जेवढी जागा मोकळी होते, नेमकी तेवढीच खाली कमी होते. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चं बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. त्या हिशेबाने प्रत्येक खेपेला ३४६ घनसेंटिमीटर हवा चेंबरमध्ये दाबली जाते आणि पिस्टन वर जाताना तेवढीच परत ओढली जाते. इंजिन तीन हजार आरपीएमवर असेल, तर हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं. लोहाराच्या भात्यासारखंच हे काम, फक्त भात्याच्या तोंडाशी तेलाची वाफ आहे.

आता दुसरा आकडा घेऊ. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्या टोकांमध्ये फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर रिंग लांबते. त्या फटीतून आणि कडेने जळता वायू थोडा थोडा खाली निसटतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. धडधाकट इंजिनात सिलिंडरमध्ये येणाऱ्या हवेच्या साधारण एक टक्का इतकं त्याचं प्रमाण धरायला हरकत नाही. आपल्या बुलेटचा हिशेब मांडला तर तीन हजार आरपीएमला मिनिटाला १,५०० वेळा हवा आत येते, म्हणजे जास्तीत जास्त ५१९ लिटर. त्याचा एक टक्का म्हणजे मिनिटाला पाच लिटर ब्लो-बाय. आणि पिस्टनच्या खालच्या बाजूने होणारी हवेची ढकलाढकली? तीन हजार वेळा ३४६ घनसेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला हजार लिटरहून जास्त. खरी आवक पाच लिटरची आणि नुसती ये-जा हजार लिटरची!

एअर बॉक्समधल्या तेलाचा सारा उलगडा या दोन आकड्यांत आहे. रिंगा झिजल्या की पाचाचे दहा-पंधरा लिटर होतात, हे खरं. पण तेलाचे थेंब उचलून चेंबरमधून एअर बॉक्सकडे जाणाऱ्या ब्रीदर पाइपपर्यंत नेण्याचं काम बरंचसं त्या हजार लिटरच्या ये-जेमुळे होतं आणि ती नव्या कोऱ्या इंजिनातही तितकीच असते. चेंबरमधली मोकळी जागा त्यातले बरेच धक्के पोटात घेते म्हणून बरं, नाहीतर प्रत्येक सिंगल सिलिंडर गाडी तेल ओकत फिरली असती.

हे सिंगलचं दुखणं सगळ्या इंजिनांना सारखं नसतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे चेंबरची एकूण जागा जवळपास तेवढीच राहते आणि हवा या कप्प्यातून त्या कप्प्यात फिरते. एडवर्ड टर्नरने आणलेल्या १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये मात्र दोन्ही पिस्टन एकत्र वर आणि एकत्र खाली. म्हणजे हवेच्या बाबतीत ती दोन सिलिंडरची सिंगलच. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनात पिस्टन डावी-उजवीकडे आडवे असतात, पण दोन्ही एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे तिथेही चेंबर पूर्ण क्षमतेने फुगतं आणि दबतं. जुन्या येझदी किंवा आरएक्स १०० वाल्यांनी हे प्रकरण सोडून दिलं तरी चालेल. टू-स्ट्रोक इंजिनात चेंबरमधूनच पेट्रोल-हवेचं मिश्रण वर जातं, त्यामुळे तिथे ब्रीदरचा प्रश्नच येत नाही.

ब्रीदरमधून बाहेर येतं ते काय? नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तर असतोच, शिवाय न जळलेली पेट्रोलची वाफ, तेलाचं धुकं आणि पाणी. पाण्याचं नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं. थोडं ब्लो-बायबरोबर खाली उतरतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर तेही वाफेच्या रूपाने ब्रीदरमधून निघून जातं. गाडी घरापासून बाजारापर्यंत आणि परत एवढीच चालत असेल, तर मात्र ते चेंबरच्या थंड भिंतींवर आणि ब्रीदर पाइपमध्ये साचतं आणि तेलात घुसळलं जाऊन पिवळट पांढरी साय तयार होते. चिपळूण-रत्नागिरीकडे पावसाळ्यात तेलाचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला ही साय दिसली की लोक हेड गॅसकेट गेल्याची शंका घेतात. बुलेटसारख्या एअरकूल्ड गाडीत कूलंटच नसतं, मग गॅसकेटमधून पाणी येणार कुठून? अशा गाडीला तासभर लांब फिरवून आणणं हाच बहुतेक वेळा पुरेसा इलाज.

सुरुवातीच्या काळात या सगळ्या ऐवजाची विल्हेवाट सोपी होती. मोटारसायकलच्या पहिल्या काही दशकांत तेल फिरवून परत आणायची सोयच नसे. चालवणाऱ्याने अधूनमधून हातपंपाने तेल द्यायचं आणि ते जळून, गळून रस्त्यावर जायचं. पुढे तेल परत आणणारे पंप आले, तेव्हा चेंबरची हवा बाहेर काढायला एक नळी ठेवली गेली. तिचं तोंड कुठेही असे. काही गाड्यांत ती मागच्या चेनकडे वळवलेली असे, म्हणजे टपकणारं तेल चेनला तरी लागेल. या काटकसरीचं मला कौतुक वाटतं, पण चेनला लागलेलं तेल पुढे कुठे उडतं हे पांढऱ्या पॅन्टवाल्यांना विचारा. काही ब्रिटिश ट्विन इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला एक फिरती चकती बसवली जाई. पिस्टन खाली येताना तिची भोकं जुळत आणि हवा बाहेर जाई, वर जाताना मार्ग बंद.

भारतीय बुलेटने त्याहून साधा मार्ग धरला. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली आणि नंतरची कित्येक वर्षं कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट मूळ ब्रिटिश आराखड्यावरच बनत राहिली. तिच्या ब्रीदर पाइपच्या टोकाला चपट्या ओठांचा एक रबरी तुकडा असतो. आतून दाब आला की ओठ उघडतात, बाहेरून हवा ओढली जाऊ लागली की मिटतात. किंमत किरकोळ, काम मोलाचं. हवा फक्त बाहेर जाते आणि आत येत नाही, त्यामुळे चेंबरमधला सरासरी दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी राहतो. मग तेल सीलमधून बाहेर झिरपण्याऐवजी आतच धरून ठेवलं जातं. बुलेट आणि तेलगळती यांचं नातं आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांत दोष सीलचा नसून या रबराचा असतो. वयाने ते कडक होतं, ओठ चिकटतात किंवा उघडेच राहतात. सील बदलून बदलून थकलेल्या मालकाने तो तुकडा काढून तोंडाने फुंकून आणि ओढून पाहावा. फुंकलं तर हवा जायला हवी, ओढलं तर अजिबात यायला नको.

या नळ्या एअर बॉक्समध्ये आल्या त्या मात्र गळतीमुळे नाही, तर लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे झोंबणारं इतकं दाट धुरकं पसरलं की, युद्धाचे दिवस असल्याने जपानने विषारी वायू सोडला की काय अशी भीती लोकांना वाटली. धुरक्याचं रसायन पुढे उलगडलं ते आरी हागेन-स्मिट या डच शास्त्रज्ञाने. तो मुळात अननसासारख्या फळांच्या वासातली द्रव्यं शोधणारा माणूस. गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारी हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं, हे त्याने दाखवलं. मग गाडीतून हायड्रोकार्बन्स नेमकी कुठून निघतात याचा शोध सुरू झाला. सायलेन्सर हे उघड उत्तर होतं, पण साधारण पाचवा हिस्सा चेंबरच्या नळीतून येतो असं निघालं. हा पाचवा हिस्सा बंद करणं सगळ्यांत स्वस्त होतं. नळीचं तोंड बाहेर न ठेवता इंजिनाच्या हवेच्या वाटेवर जोडायचं, म्हणजे सगळा वायू पुन्हा आत जाऊन जळेल. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या मोटारींना १९६१ च्या मॉडेलपासून ही सोय आली. अमेरिकेत मोटारसायकलींना चेंबरचा वायू उघड्यावर सोडण्याची बंदी १९८० च्या मॉडेलपासून लागू झाली. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६ नियमांतही त्याला परवानगी नाही.

म्हणजे एअर बॉक्समध्ये तेलाचा अंश येणं हे ठरवून केलेलं आहे. कंपनीला ते ठाऊक असतं, म्हणूनच डब्याच्या तळाला किंवा ब्रीदर पाइपच्या खालच्या फाट्याला बोटभर लांबीची एक नळी लोंबत असते. तिचं खालचं टोक रबरी बुचाने बंद असतं आणि वर तारेची क्लिप. कित्येक मालकांना ही नळी वर्षानुवर्षं दिसतसुद्धा नाही, कारण ती इंजिनामागे, स्विंगआर्मजवळ, चिखलाने माखलेली असते. काही गाड्यांत ती पारदर्शक असते, पुसली की आतली पातळी दिसते. खाली जुना डबा धरायचा, पक्कडीने क्लिप दाबून बूच ओढायचं. आधी थोडं पाणी येतं, कारण ते तळाशी असतं. मग चहाच्या रंगाचं तेल, कधी मध्ये सायीचा लपका. बूच परत लावायला विसरू नका. उघड्या नळीतून रस्त्याची धूळ फिल्टरला चुकवून आत जाऊ शकते, आणि ज्या गाडीत ती मागच्या टायरच्या समोर असते तिथे टायरवर तेल पडण्याचा धोका धुळीपेक्षा मोठा आहे. होंडाच्या अनेक मॅन्युअलमध्ये ही नळी रिकामी करण्याचं काम दर सहा हजार किलोमीटरला दिलेलं आहे आणि सोबत एक सूचना असते: पावसात किंवा फुल थ्रॉटलवर जास्त चालवत असाल तर त्याआधीच करा. पाऊस म्हणजे पाणी आणि फुल थ्रॉटल म्हणजे तेल.

जे निघतं ते फेकून देण्याआधी पांढऱ्या कागदावर ओतून बघावं. नुसती पांढरट साय आणि पाणी असेल तर गाडी थंड चालते आहे, बाकी काही नाही. काळपट पण पातळ, पेट्रोलचा वास मारणारं तेल असेल तर चोक अडकलाय, कार्बोरेटर भरून वाहतोय किंवा इंजेक्टर गळतोय का ते बघा, कारण पेट्रोल तेलात मिसळून पातळी वाढवतं आणि पातळ तेलाचं धुकंही लवकर होतं. स्वच्छ, इंजिनात आहे तसंच तेल भरपूर निघालं तर जवळजवळ नेहमी एकच कारण: तेल जास्त भरलंय.

यावर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडची निम्मी दुखणी इथे आहेत. होंडा पद्धतीच्या बहुतेक छोट्या इंजिनांत डिपस्टिक उजव्या कव्हरवर असते आणि साइड स्टँड गाडीला डावीकडे झुकवतो. तेल डावीकडे जातं, डिपस्टिक कमी दाखवते, आपण वर ओततो. दुसरी चूक डिपस्टिक घालण्याची. काही गाड्यांत ती फक्त टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण फिरवून घट्ट करायची. घट्ट करायच्या गाडीत ती नुसती टेकवली तर पुन्हा खोटी कमी पातळी दिसणार. तिसरी चूक तर सरळ डब्याची आहे. आठ-नऊशे मिली लागणाऱ्या गाडीसाठी लिटरचा डबा आणला जातो, आणि उरलेलं घरी कशाला न्यायचं म्हणून तेही इंजिनात. जास्तीचं तेल दोन बाजूंनी मारतं. क्रँकचे फिरते भाग ते घुसळून धुकं वाढवतात, आणि चेंबरमधली मोकळी जागा कमी झाल्याने पिस्टनचा दाबही जास्त बसतो. समजा मोकळी जागा दोन लिटर आहे आणि मार्ग बंद आहे, तर ३४६ घनसेंटिमीटर दाबल्यावर दाब एकवीस टक्क्यांनी वाढेल. त्यात तीनशे मिली तेल जास्त ओतलं की हीच वाढ पंचवीस टक्क्यांच्या पुढे जाते. गाडी डबल स्टँडवर किंवा सरळ उभी धरून, दोन-चार मिनिटं चालवून, तेल खाली उतरेपर्यंत थांबून पातळी बघायची. वरच्या खुणेपर्यंत भरायचा अट्टहास नको. दोन खुणांच्या मध्ये तेल असलेलं इंजिन मजेत चालतं.

जुन्या आयर्न बुलेटचा आणखी एक स्वभाव आहे. तिची तेलाची टाकी चेंबरच्याच ओतीव भागात, क्रँकच्या मागे असते. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू क्रँकच्या बाजूला उतरतं. किक मारल्यावर पहिली दोन मिनिटं ब्रीदरमधून तेलाचे गोळे येतात आणि पाहणारा घाबरतो. पंपाने ते परत टाकीत नेलं की सगळं शांत. अशा वेळी डिपस्टिक कमी दाखवते म्हणून तेल ओतणं ही हमखास फसगत. आधी गाडी चालवा, मग मोजा. गाडी आडवी पडल्यावर मात्र उलटं. तेल वाहून एअर बॉक्समध्ये गेलेलं असू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी नळी रिकामी करून फिल्टर बघायचा. भिजलेल्या फिल्टरसकट स्टार्ट केली तर ते तेल इंजिन गिळतं, निळा धूर येतो आणि प्लग काळा पडतो. तेलात भिजलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ होत नाही, तो बदलायचा. पेट्रोल-हवेत तेल मिसळलं की मिश्रणाची नॉकिंग सहन करण्याची ताकदही उतरते. तेव्हा घाटात चढावर खडखड आवाज येऊ लागला तर पंपावरच्या पेट्रोलला दोष देण्याआधी एअर बॉक्स उघडावा.

नळीच्या वाटेकडेही बघावं. ब्रीदर पाइप इंजिनापासून एअर बॉक्सपर्यंत सतत चढत गेला पाहिजे, म्हणजे थंड होऊन पाणी-तेल झालेला भाग मागे इंजिनात ओघळेल. टाकी काढून परत बसवताना पाइप खाली दबला किंवा मध्ये झोळ पडला, तर त्या झोळात पाणी साचतं. हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्यांच्या बाबतीत तिथे बर्फ होऊन मार्गच बंद होऊ शकतो. मार्ग बंद झाला की दाब सगळ्यांत कमजोर जागा शोधतो, आणि ती सहसा क्रँकचं ऑइल सील असते. म्हणून ब्रीदर ‘तेल येतंय’ म्हणून बूच मारून बंद करण्यासारखा मूर्खपणा नाही.

बाजारात मिळणाऱ्या चमकदार छोट्या ब्रीदर फिल्टरांबद्दल माझं मत चांगलं नाही. एअर बॉक्स काढून पॉड फिल्टर लावले की ब्रीदर पाइप पोरका होतो आणि त्याच्या टोकाला हे छोटे फिल्टर लावले जातात. सिंगल सिलिंडर इंजिन प्रत्येक वेळी पिस्टन वर जाताना त्यातून हवा आत ओढतं, तेलाने ओला फिल्टर धूळ धरतो आणि तेल इंजिनाच्या अंगावर पसरतं. शिवाय ते नियमबाह्य. ब्रीदरच्या वाटेवर तेल अडवायला बसवलेल्या कॅच कॅनची गोष्ट वेगळी, पण तो नुसता रिकामा डबा असेल तर उपयोग थोडा. मोठे थेंब वळणावर भिंतीला आपटून खाली बसतात, एक मायक्रॉनच्या आसपासचं धुकं मात्र वायूबरोबर वळून निघून जातं. ते पकडायला आत जाळी हवी, जिच्यावर बारीक थेंब एकत्र येऊन मोठे होतील. आणि डब्याचं बाहेरचं तोंड पुन्हा एअर बॉक्सलाच जोडलेलं हवं. ट्रॅकवर तासन् तास वरच्या आरपीएमला चालणाऱ्या गाडीला किंवा मुद्दाम जपलेल्या जुन्या इंजिनाला तो शोभतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला तळाची नळी वेळेवर रिकामी करणं पुरतं. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या सुपरबाइक शर्यतींचे नियम तर याहून कडक आहेत: ब्रीदर एअर बॉक्समध्येच सोडायचा आणि एअर बॉक्सचे निचऱ्याचे मार्ग सील करायचे. इंजिन फुटलं तरी तेल ट्रॅकवर जाता कामा नये, कारण मागून येणारे ताशी अडीच-तीनशेच्या वेगात असतात.

हे सगळं तपासूनही, पातळी बरोबर ठेवूनही तेल येतच राहिलं, तर मग रिंगांवर संशय घ्यायचा. त्यासाठी तेलाचं झाकण उघडून तळहात धरणं ही गॅरेजमधली आवडती परीक्षा सिंगल इंजिनात फसवी आहे. नव्या इंजिनातही झटके लागणारच, ते हजार लिटरचे झटके आहेत. बघायचं ते झटक्यांमध्ये सतत निळसर धूर येतो का, इंजिन गरम असतानाही येतो का, आणि थ्रॉटल वाढवल्यावर वाढतो का. त्याहून खात्रीची लीक-डाउन चाचणी. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाने हवा सोडायची आणि किती टिकते ते बघायचं. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक, आणि तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा किंवा बोअर. तेव्हा हाफ इंजिनाचं एस्टिमेट मागा, त्याआधी नको.